दुसरं रबर

माझे केस दाट आहेत. हे फुशारकी म्हणून सांगत नाहीये (बरं, थोडी आहे), पण पुढे जे झालं ते या केसांमुळे झालं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. साधा हेअरबँड माझ्या डोक्यावर दोन दिवस टिकत नाही, तट्कन तुटतो. आणि आमच्या शाळेत केस मोकळे चालत नाहीत, रंगीत काही चालत नाही. काळं म्हणजे काळं.

आता काका. माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे दुकान, मागे डार्करूम, वर काका-काकूंचं घर. काका फोटो काढायचे आणि काकू रिटचिंग करायची. म्हणजे निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग ठिपक्या-ठिपक्याने भरून काढायचे. अर्ध्या गावाचे मुरूम काकूने पुसलेत. मी एकदा तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तुला अर्धा दिवस लागतो ते काम मी कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये करते.

"हो का?" भिंगातून मान वर न करता ती म्हणाली. "मग उरलेल्या अर्ध्या दिवसाचं काय करतेस?"

मी विषयच बदलला. कारण उरलेला अर्धा दिवस मी चारशे फोटोंतला एक निवडण्यात घालवते.

रिटचिंगचा तिचा एकच नियम होता. डाग काढायचा, माणूस काढायचा नाही. एका बाईंनी कपाळावरच्या आठ्या काढायला सांगितल्या, तेव्हा तिने दोन काढल्या आणि एक ठेवली. "तीच तर ओळखीची होती," म्हणाली.

माझं आणि काकांचं मात्र रोज वाजायचं. माझा डिजिटल, त्यांचा रोल.

"तू आधी गोळ्या झाडतेस आणि मग बघतेस कोण मेलं," काका म्हणायचे.

"आणि तुम्ही एक गोळी घेऊन दिवसभर झाडाखाली बसता."

"पण लागते ना?"

लागायची, हे मान्य करावं लागायचं. काका लाइट मीटर वापरत नसत. हाताचा तळवा प्रकाशात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि आकडा सांगायचे. मी कॅमेऱ्यात तपासायची, तर तोच निघायचा. फार राग यायचा.

आता रबरांचं सांगते. फिल्मच्या डबीवर एक आकडा छापलेला असतो, समजा चारशे. म्हणजे तिला एवढा प्रकाश लागतो. खोलीत तेवढा नसेल, तर काका ती फिल्म जास्त ताकदीची आहे असं धरून फोटो काढायचे आणि राहिलेली उणीव ती डेव्हलपरच्या रसायनात जास्त वेळ ठेवून भरायचे. एक पायरी उणी असेल तर रोलवर एक रबर चढवायचं, दोन पायऱ्या असतील तर दोन. नेहमीचा रोल असेल तर रबरच नाही. नेहमीच्याला आठ मिनिटं, एका रबराला अकरा, दोन रबरांना चौदा. मी विचारलं होतं, की पेनाने का नाही लिहीत. तर म्हणाले, "अंधारात डोळे काय वाचणार? बोटांना वाचता येईल असं लिहावं." ही रबरं ते सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून स्वतः करायचे. काळी, रुंद, दणकट. कधी तुटत नसत.

गेल्या वर्षी काकू आजारी पडली. आजाराचं नाव घरात कुणी मोठ्याने घ्यायचं नाही, असं कुणी न ठरवता ठरलं होतं. आणि तेव्हा एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की काकूचा धड एक फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तीस वर्षं ती लोकांच्या चेहऱ्यांवर वाकलेली, तिचा चेहरा घ्यायला कुणाला सुचलंच नाही.

मी लगेच माझा कॅमेरा काढला. ट्यूबलाइटखाली, पलंगावर, एक क्लिक, आणि तिला मागच्या स्क्रीनवर दाखवला. तिने पाहिला आणि कॅमेरा परत केला.

"पुसून टाक."

"अगं, चांगला आलाय. थोडा एडिट केला की..."

"टकळे, मी आत्ता कशी दिसते ते मला आत्ताच नाही बघायचं. पुसून टाक."

टकळी म्हणजे मी, कारण माझं तोंड बंद नसतं. मी हो म्हटलं आणि पुसला नाही.

मग एका दुपारी वीज गेली. आभाळ भरलेलं, खोलीत खिडकीपुरता उजेड. काकू खिडकीशी खुर्चीत बसली होती, शाल लपेटून, आणि काका दारात उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तळवा पुढे केला.

"अहो, काहीतरीच," काकू म्हणाली. "या उजेडात मांजरालासुद्धा दिसणार नाही."

"माझ्या फिल्मला दिसेल."

"फ्लॅश लावा मग."

"फ्लॅशने खोली मरते. शिवाय तुझे डोळे दुखतात."

"नाही यायचा फोटो. लावा पैज."

"लावली. काय देशील?"

"हरलात तर महिनाभर स्वयंपाक तुमचा."

"आणि जिंकलो तर?"

"तर मी फ्रेम करून दुकानात लावू देईन," ती म्हणाली. काकांचा चेहरा मी बघितला, ती एवढं कबूल करेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

काकांनी अख्खा रोल तिच्यावर घातला. छत्तीस फोटो, दीड तास. मध्येच थांबायचे, वाट बघायचे, ती काहीतरी बोलून हसली की मग बटण. मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, मी असते तर आत्तापर्यंत पाचशे झाले असते. शेवटी त्यांनी रोल काढला, बोटाने चाचपून दोन रबरं चढवली आणि डार्करूममधल्या पत्र्याच्या डब्यात टाकला. "काठावरचा आहे," मला म्हणाले. "चौदा मिनिटांत सेकंदाचीही कसर नको."

नाही. हे शेवटचं वाक्य ते मला म्हणाले की स्वतःशी पुटपुटले, ते मला नीट आठवत नाही. आठवत असतं तर बरं झालं असतं, किंवा वाईट. रबरंही मी मोजली नाहीत, तेव्हा माझं लक्ष मोबाइलवर होतं. शाळेच्या फोटो स्पर्धेचा निकाल आला होता आणि मी पहिली होते.

शुक्रवारी सकाळी बक्षीस होतं. मी कॅमेरा घ्यायला काकांकडे गेले, तो चार्जिंगला डार्करूममध्ये ठेवलेला. अर्ध्या वाटेतच हेअरबँड तुटला होता. केस अस्ताव्यस्त, शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं, आणि सगळ्या शाळेसमोर स्टेजवर जायचं. दिवा लावायलाही थांबले नाही. दाराच्या फटीतल्या उजेडात पत्र्याच्या डब्यात हात घातला, कारण सुटी रबरंही काका त्याच डब्यात ठेवायचे. हाताला रबर लागलं. ओढलं.

जरा ओढावं लागलं.

हे मला नंतर आठवलं. तेव्हा हाताला कळलं होतं, डोक्याला नाही. केस बांधले आणि पळाले. टाळ्या फार जोरात झाल्या, मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "या मुलीला नजर आहे." मी त्या दिवशी जमिनीवर चालत नव्हते.

शनिवारी काकूला तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. काका रिक्षाची वाट बघत दारात उभे होते आणि मी बक्षिसाची गोष्ट चौथ्यांदा सांगत होते.

"तो रोल धुशील?" ते मध्येच म्हणाले.

"मी? एकटी?"

"नजर आहे म्हणतात ना तुला. आता बोटं बघू. ती परत येईपर्यंत वाळत घाल, तिला दाखवू."

आजवर त्यांनी कुणाला एकट्याने रोल धुऊ दिला नव्हता. मी दार लावलं, दिवा बंद केला, डब्यात हात घातला. रोल एकच होता. बोटांनी चाचपला. एक रबर. पुन्हा चाचपला, कारण मला चूक करायची नव्हती. एकच. अंधारात फिल्म चक्रावर गुंडाळली, टाकीत घातली, झाकण लावलं. मग दिवा. पाण्याचं तापमान दोनदा बघितलं, घड्याळ समोर ठेवलं. अकरा मिनिटं. सेकंदाची कसर ठेवली नाही.

फिल्म धुऊन उजेडात धरली तर ती जवळजवळ कोरी होती. म्हणजे काहीतरी होतं, पण काचेवर फुंकर मारल्यासारखं. खिडकीची कड, शालीची एक घडी, कपाळाचा एक तुकडा. डोळे कुठेच नाहीत. आणि फिल्मचं हेच वाईट असतं, एकदा फिक्सरच्या द्रावणातून निघाली की मागे जाता येत नाही.

काका आले, त्यांनी फिल्म खिडकीसमोर धरली. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत ती सरकवत गेले.

"किती वेळ दिलास?"

"अकरा मिनिटं."

"अकरा का?"

"एक रबर होतं."

"एक?"

"एकच. दोनदा बघितलं मी," मी म्हणाले. ठामपणे. आजकाल मी सगळंच ठामपणे बोलते.

काकांनी मान हलवली. "मग मीच विसरलो," म्हणाले. "दोन चढवल्यासारखं वाटत होतं."

काकूने वर जाऊन भिंगातून फिल्मची पट्टी बघितली. "हरलात बरं का," म्हणाली, हसली. काकाही हसले. पण काका खाली गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. "टकळे, ते हल्ली आणखी काय विसरतात? खरं सांग."

"काही नाही गं."

"रबर आजवर कधी विसरले नव्हते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी न्हायला बसले आणि केसांतून रबर काढलं. काळं, रुंद, कडा कात्रीने कापलेल्या. शुक्रवारपासून डोक्यावर होतं. मी ते हातात धरून बसले आणि बोटांना ती ओढ आठवली.

उद्या सांगू म्हटलं. सोमवारी काकूला ताप होता, तेव्हा कसं सांगणार? मंगळवारी माझा फोटो शाळेच्या फलकावर लागला आणि काका मुद्दाम बघायला आले. बाईंना म्हणाले, "पुढेमागे डार्करूम हिच्याच हातात द्यायची आहे." आता तर कसं सांगणार? बुधवारपासून मी काकांकडे रोज जायची आणि रोज न सांगता परत यायची. मी, जी वर्गात कुणाला बोलू देत नाही.

आणि वर घरात चिठ्ठ्या लागायला लागल्या. काकू पलंगावर बसून लिहायची, त्याच रिटचिंगच्या पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत. शेगडीच्या वर, "गॅस बंद केलात का?" दाराला, "किल्ली खिशात बघा." कपाटाच्या आत, "स्वेटर खालच्या खणात, हिरवा नको, त्याला भोक आहे." मी चिकटपट्टी कापून द्यायची. हो, मीच द्यायची. एकदा पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, "माझं मी बघेन. पण या माणसाला असंच टाकून कसं जायचं?" तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं, म्हणून मी नखाने ते शोधत बसले, आणि सापडेपर्यंत तिचा डोळा लागला होता.

काकू त्यानंतर थोडेच दिवस होती. त्या रविवारपासून मोजले तर सतरा.

ती गेल्यावर काकांनी रोलवर काम घेणं बंद केलं. "हात थरथरला तर कॅमेऱ्याला तीन पायांचं तिकाटणं लावता येतं," बाबांना म्हणाले. "डोकं विसरायला लागलं तर काय लावायचं?" प्रिंट मोठी करायचं यंत्र एका कॉलेजला देऊन टाकलं. डार्करूमच्या खिडकीवरचा काळा कागद फाडला, तिथे आता पासपोर्ट फोटोचा प्रिंटर बसवलाय. मला डार्करूम द्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी काढू शकत नव्हते.

मग मी ठरवलं की बोलून नाही, करून दाखवायचं. ती फिल्म स्कॅन केली. छत्तीसपैकी बावीस नंबरची फ्रेम घेतली, ज्यात तिची मान किंचित वळलेली होती, आणि रोज शाळेतून आल्यावर बसले. सावल्या उजळल्या, फिल्मचे दाणे कमी केले, पुन्हा उजळल्या. सव्वीस संध्याकाळी. माझा सगळ्यात मोठा तोरा हाच होता, की एडिटमध्ये काहीही करता येतं. पण जे फिल्मवर उतरलंच नाही ते कॉम्प्युटर कुठून आणणार? काळ्यातून काळंच निघत होतं. सत्ताविसाव्या संध्याकाळी मी न पुसलेला तो डिजिटल फोटो उघडला आणि त्यातले डोळे उचलून इथे बसवले. ओठांचा कोपराही थोडा घेतला. कडा इतक्या मऊ केल्या की मलाही जोड सापडेना. काकू खिडकीशी बसून बघत होती. मी रडले, आणि खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला.

मोठी प्रिंट काढून काकांकडे नेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, काकूचं भिंग घेतलं आणि बघत राहिले.

"हा त्या दिवसाचा नाही," ते म्हणाले.

"त्याच दिवसाचा आहे. बावीस नंबर."

"डोळ्यांत बघ."

मी भिंगातून बघितलं. दोन्ही बुबुळांत एकेक बारीक, लांबट, पांढरी रेघ.

"ट्यूबलाइट आहे ती," काका म्हणाले. "त्या दिवशी वीज नव्हती. खिडकी होती. खिडकी चौकोनी असते." त्यांनी प्रिंट हळूच उलटी करून ठेवली. "हात चांगला आहे तुझा. जोड कुठे दिसत नाही. पण तिला आवडलं नसतं."

डाग काढायचा, माणूस काढायचा नाही. मी तर बसवला होता.

"तू कशाला एवढं करत बसलीस, टकळे? चूक माझी होती. त्या दिवशी दोन बांधली असती तर..."

"काका, दोन होती."

दप्तराच्या आतल्या कप्प्यात ते रबर तेव्हापासून पडून होतं. मी ते काउंटरवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. हेअरबँड, डब्यात हात, ती ओढ. एरवी मला एक गोष्ट सांगायला अर्धा तास लागतो. ही दोन मिनिटांत संपली.

काकांनी रबर उचललं, बोटावर ताणून बघितलं. "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही."

क्षणभर त्यांचा चेहरा सैल झाला, प्रकाशाचा आकडा बरोबर निघाल्यावर व्हायचा तसा. मला वाटलं, सुटलो आपण. मग त्यांनी जिन्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. रविवारी."

"म्हणजे तेव्हा ती होती."

"होती."

"तिला सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. "उठून बसवत नव्हतं तिला," ते म्हणाले. "तरी लिहीत होती. मला वाटायचं, लिहू दे, तिचा जीव रमतोय." रबर खिशात टाकलं. मग म्हणाले, "केस बांध आणि घरी जा."

आठ दिवस मी गेले नाही. मग गेले. प्रिंट दुकानात कुठे दिसली नाही. तिच्याऐवजी बावीस नंबरची निगेटिव्हच त्यांनी दोन काचांत घालून रिटचिंगच्या टेबलावर उभी केली होती. नुसती बघितली तर काही कळत नाही. मागून उजेड आला की खिडकीची कड दिसते, मग शाल, मग कपाळ. डोळे नाहीत.

चहा करायला ते वर निघाले, मी मागोमाग गेले. चिठ्ठ्या तशाच होत्या, एकही काढलेली नाही. चहा गाळून झाला, त्यांनी शेगडी बंद केली. जायला वळले, तर भिंतीवरची चिठ्ठी वाचायला थांबले, आणि वाकून बटण पुन्हा तपासलं.

"काका, बंद केलात तुम्ही आत्ताच," मी म्हणाले. "तुम्ही काहीच विसरत नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तिने विचारलंय म्हणून बघतो."

आणि माझ्याकडे न बघता त्यांनी माझा कप पुढे सरकवला.